एकतीस ते बावन्न

शालेय क्रिकेटचा नाद असलेल्या माणसाला ४ आणि ५ जानेवारी २०१६ या तारखांची ओळख करून द्यावी लागत नाही. कल्याणच्या प्रणव धनावडेनं नाबाद १००९ धावा केल्या ते हे दोन दिवस. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता आणि त्याचे वडील रिक्षा चालवत होते. भाईंदर पूर्वेला आमच्या गोडदेवात पहिल्या दिवशी, सोमवारी संध्याकाळीच या खेळीची बातमी पोचली आणि रात्रीपर्यंत जो तो आकडे सांगत होता. विक्रमावर भरपूर लिहून झालं आहे आणि ते योग्यच झालं. पण त्या मैदानावर आणखी एक संघ होता. त्याच्यावर दोन दिवस संकट कोसळत होतं. ते अचानक आलं नाही, एकेक टप्पा ओलांडत आलं, आणि प्रत्येक टप्प्यावर त्याला आवर घालू शकणारी मोठी माणसं जवळपास होती. म्हणून हा घटनाक्रम त्या दुसऱ्या संघाच्या बाजूनं.

सामन्याआधी

स्पर्धा भंडारी चषकाची. मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या छत्राखाली होणारी सोळा वर्षांखालच्या मुलांची आंतरशालेय स्पर्धा. एका बाजूला के. सी. गांधी स्कूल, दुसऱ्या बाजूला आर्य गुरुकुल. दोन्ही शाळा कल्याणच्या, मैदानही कल्याणचंच, वायलेनगरमधलं युनियन क्रिकेट अकादमीचं.

परीक्षेमुळे मुख्य संघातली मोठी मुलं मिळाली नाहीत आणि त्यांच्या जागी लहान मुलं उतरवावी लागली, असं आर्य गुरुकुलच्या प्रशिक्षकांनी सामन्यानंतर पत्रकारांना सांगितलं. काही मुलं तर सीझन बॉलवर जवळजवळ नवखीच होती. जानेवारी महिना कोणत्याही शाळेत असाच असतो. दहावीच्या पूर्वपरीक्षा, प्रॅक्टिकल, वह्या पूर्ण करण्याची घाई. अशा वेळी पीटीच्या सरांना आदल्या संध्याकाळपर्यंत अकरा नावं जमवायची असतात. नववी-दहावीची मुलं नाहीत म्हटल्यावर सातवी-आठवीच्या वर्गात जाऊन विचारायचं. ती मुलं काय, शाळेचा टीशर्ट मिळणार म्हटल्यावर एका पायावर तयार. सामना सोडून देण्याची वाट मोकळी असते, पण पुढे चाल द्यायची म्हणजे शाळेचं नाव जातं, वर पुढच्या वर्षीच्या प्रवेशिकेचा प्रश्न. त्यामुळे अकरा नावं जमतात.

आपत्तीचा पहिला टप्पा इथेच पार पडला, मैदानात कोणी उतरण्याआधी. पंधरा-सोळाच्या मुलांसमोर त्यांच्याहून कितीतरी लहान मुलं उभी राहणार हे कागदावर दिसत होतं.

सोमवार, सकाळ

आर्य गुरुकुलची पहिली फलंदाजी. सर्वबाद ३१.

ज्यांनी फक्त टीव्हीवर क्रिकेट पाहिलं आहे त्यांना हा आकडा हास्यास्पद वाटेल. मला वाटत नाही. मोठ्यांच्या सीझन बॉलचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम असतं. तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी क्रिकेटच्या नियमांतच वेगळा, हलका चेंडू सांगितला आहे, १३३ ते १४४ ग्रॅमचा, घेरानंही लहान. गल्लीत टेनिस बॉलनं खेळणारा मुलगा पहिल्यांदा सीझन बॉलसमोर उभा राहतो तेव्हा तो बॅट फिरवण्याआधी अंग चोरतो. पॅड त्याच्या मांडीपर्यंत येतात, ग्लोव्हजमध्ये बोटं सैल हलतात, हेल्मेट मानेवर डुगडुगतं. चेंडू उसळून कानाशेजारून गेला की पुढच्या चेंडूला पाय आपोआप लेगच्या बाजूला सरकतो, आणि उघड्या पडलेल्या स्टंपांवर चेंडू आदळतो. त्याच्या अंगातली भीती शहाणी आहे. तो चेंडू त्याच्यासाठी बनवलेलाच नाही.

तेव्हा ३१ वर डाव संपला हे नवल नाही. सामना मात्र तिथंच संपला होता, हे मैदानावरच्या प्रत्येक जाणत्या माणसाला कळलं असणार.

सोमवार, गांधी स्कूलचा डाव सुरू

प्रणव सलामीला आला. तो यष्टिरक्षक आणि फलंदाज. बत्तीस धावा झाल्या की आघाडी. ती आली आणि गेली.

लहान मुलाच्या हातात मोठा चेंडू दिला की काय होतं ते सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचे हजार आणि वरचे साडेचारशे त्यातूनच आले. बोटं शिवणीवर नीट बसत नाहीत. बावीस यार्डांची खेळपट्टी त्याच्या खांद्याला लांब पडते. चेंडू टप्प्यावर पोचावा म्हणून तो वर उडवून टाकतो, मग तो फुलटॉस पडतो. पुढचा जोर लावून टाकायला जातो तर अर्ध्यावर आपटतो. तिसरा वाइड. हे तीनही चेंडू पंधरा वर्षांच्या, रोज नेटमध्ये घाम गाळणाऱ्या मुलाला मिळाले तर त्यानं काय करावं? प्रणवनं केलं तेच. त्याच्यावर इथं कसलाही आक्षेप नाही आणि असूही नये. समोर येईल तो चेंडू त्याच्या लायकीप्रमाणे मारायचा, हीच शिकवण मुंबईच्या मैदानांवर पिढ्यानपिढ्या दिली गेली आहे.

मैदानाची एक बाजू आखूड होती. त्या बाजूची सीमारेषा जेमतेम तीस यार्डांवर होती, असं आर्य गुरुकुलच्या प्रशिक्षकांचं म्हणणं. त्यांनी आणखी एक हिशेब सांगितला होता: प्रणवचे २१ झेल सुटले आणि यष्टिचीत करण्याच्या ३ संधी हुकल्या.

या एकवीस झेलांवरून तेव्हा पुष्कळ थट्टा झाली. ज्याला झेलाची थट्टा करावीशी वाटते त्यानं बारा वर्षांच्या मुलाला उंच उडालेल्या सीझन बॉलखाली उभं करून पाहावं. चेंडू वर असताना तो लहान दिसतो. खाली येताना शेवटच्या क्षणी एकदम मोठा होतो. मुलगा हात पुढे करतो, पण तळवे लाकडासारखे ताठ, बोटं वर. चेंडू बोटांच्या टोकांवर आपटून निसटतो. झिणझिण्या कोपरापर्यंत जातात. तो बोटं काखेत दाबून धरतो आणि त्याच वेळी चेंडूमागे धावतो, कारण फलंदाज दुसरी धाव घेत असतात. पुढच्या वेळी चेंडू त्याच्याकडे आला की हात आधीच मागे जातात. अशा मुलाकडून सहावा, दहावा, पंधरावा झेल कसा पकडला जाणार?

सोमवार, दुपार

प्रणवच्या पूर्ण खेळीत १२९ चौकार आणि ५९ षटकार होते. एकूण १८८. गांधी स्कूलचा डाव चालला ९४ षटकं. म्हणजे एकट्या प्रणवसाठी दर षटकाला दोनदा कुणीतरी सीमारेषेपर्यंत जाऊन चेंडू आणत होतं. त्यातही षटकार असला तर कुंपणापलीकडे, गटारात, उभ्या गाड्यांखाली शोधायचा. दुसऱ्या टोकाच्या फलंदाजांचे फटके वेगळे, आणि त्या टोकाकडूनही शतकं झाली.

मला याच तासांविषयी सगळ्यात जास्त बोलायचं आहे. धावफलकावर दोनशे, तीनशे, चारशे लागत असताना मैदानात खेळ राहिला नव्हता. नियमांप्रमाणे तो थांबवण्याचे दोन रस्ते उघडे होते. फलंदाजी करणाऱ्या कर्णधाराला डाव केव्हाही घोषित करता येतो. गोलंदाजी करणाऱ्या संघाला पराभव मान्य करता येतो. दोन्ही निर्णय कागदावर कर्णधाराचे. प्रत्यक्षात पंधरा वर्षांचा कर्णधार सीमारेषेबाहेर बसलेल्या सरांकडे पाहतो, आणि समोरच्या संघाचा त्याहून लहान कर्णधार तर पाहायचं कुणाकडे हेही जाणत नाही. शाळेचा संघ स्वतःहून हरलो म्हणत नाही, कारण तसं म्हणायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं. शिकवलं जातं ते शेवटपर्यंत लढायचं. लढाई असेल तेव्हा ते ठीक.

इतर खेळांनी याचा विचार केला आहे. आपल्या मातीतला माणूस कुस्ती समजतो. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांचा फरक पडला की पंच कुस्ती तिथंच संपवतात. अमेरिकेत शाळांच्या फुटबॉलचं वेड आपल्या क्रिकेटच्या तोडीचं. गावंच्या गावं शुक्रवारी रात्री मैदानावर लोटतात. तिथं अनेक राज्यांत गुणांचा फरक पस्तिशीच्या आसपास गेला की घड्याळ न थांबवता उरलेला खेळ उरकून घेतात. हरणाऱ्या मुलांची इभ्रत राहते आणि जिंकणाऱ्यांचं काही कमी होत नाही. क्रिकेट हा आपला जीव की प्राण. त्यात अशी सोय नाही.

सोमवार, दिवस कलताना

प्रणवनं ६२८ ओलांडले. एका डावातल्या सर्वाधिक वैयक्तिक धावांचा हा आकडा ए. ई. जे. कॉलिन्सचा. जून १८९९, इंग्लंडमधलं क्लिफ्टन कॉलेज, तेरा वर्षांचा मुलगा, शाळेतल्याच दोन ‘हाउस’मधला सामना. एकशे सोळा वर्षं तो विक्रम टिकला. कॉलिन्स पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर १९१४ मध्ये, ईप्रच्या लढाईत मारला गेला. त्याच्याविषयी पुस्तकांत लेख आहेत, क्लिफ्टनच्या मैदानावर त्याच्या नावाची पाटी आहे.

त्याच्यासमोर कोण खेळत होतं? नॉर्थ टाउन. कॉलिन्सच्या क्लार्क्स हाउसनं ८३६ केल्या, नॉर्थ टाउन ८७ आणि ६१ वर बाद झालं, एक डाव आणि ६८८ धावांनी हरलं. त्या मैदानाचीही एक बाजू आखूड होती आणि कॉलिन्सचेही झेल सुटले होते. १८९९ आणि २०१६ शेजारी ठेवले तर ओळीच्या ओळी जुळतात. मोठा विक्रम व्हायला मोठा फलंदाज लागतोच, पण समोर कमालीचा हतबल संघ लागतो, आणि त्या संघाला हतबल स्थितीत तसंच उभं ठेवणारी व्यवस्था लागते.

सोमवारचा खेळ थांबला तेव्हा गांधी स्कूल १ बाद ९५६. प्रणव १९९ चेंडूंत नाबाद ६५२.

आघाडी ९२५ धावांची. विक्रम झालेला. इथं डाव घोषित झाला असता तर प्रणवचं नाव जगात पहिलंच राहिलं असतं आणि समोरच्या मुलांची एक सकाळ वाचली असती. या टप्प्यावर थांबायला हवं होतं, असं माझं तेव्हाही मत होतं. पण जो संघ स्वतःच्या मुलाला हजाराच्या उंबरठ्यावर पाहतो त्याला परत फिरणं अवघड जातं हेही मला समजतं. म्हणूनच हा निर्णय त्यांच्यावर सोडायला नको होता.

सोमवार, रात्र

आमच्या बाजूचे लोक शालेय क्रिकेटकडे जरा वेगळ्या नात्यानं पाहतात. विरार, वसई, भाईंदर इथली मुलं पहाटेच्या लोकलनं किटबॅग घेऊन चर्चगेटला जातात. गर्दीत ती बॅग दाराशी उभी धरून ठेवायची, लोकांच्या शिव्या खायच्या, आणि आझाद मैदानावर साडेनवाच्या आत पोचायचं. विरारच्या पृथ्वी शॉनं नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शील्ड या आंतरशालेय स्पर्धेत रिझवी स्प्रिंगफील्डकडून ५४६ केल्या तेव्हा आमच्या डब्यात पेढे वाटल्यासारखा आनंद होता. त्यामुळे त्या सोमवारी रात्री गोडदेव नाक्यावर चहाच्या टपरीशी प्रणवचंच नाव होतं. आपल्याच ठाणे जिल्ह्यातला, रिक्षावाल्याचा मुलगा. उद्या हजार होणार का, याच्यावर पैजा.

समोर कोण आहे, हे कुणी विचारलं नाही. मलाही रात्री उशिरा, बातमी पुन्हा वाचताना ३१ हा आकडा दिसला आणि मग झोप लागेना. ती अकरा मुलं घरी पोचली असतील. हाताची बोटं सुजलेली, मांड्या भरून आलेल्या. आईनं विचारलं असेल, काय झालं? आणि उद्या पुन्हा जायचंय. प्रणवला बाद करण्यासाठी जायचंय असं त्यांना कुणी सांगितलं असेल का? की नुसतंच, उद्या वेळेवर या?

मंगळवार, सकाळ

आता कॅमेरे आले होते. आदल्या दिवशी जे शाळेतल्या दोन संघांमध्ये घडलं होतं ते आता जगासमोर घडू लागलं. संघाच्या धावसंख्येचा जुना जागतिक विक्रम ११०७. तो व्हिक्टोरियानं डिसेंबर १९२६ मध्ये मेलबर्नला न्यू साउथ वेल्सविरुद्ध केला होता. प्रौढ, प्रथम श्रेणीच्या खेळाडूंचा सामना. तो आकडा कल्याणच्या शाळकरी सामन्यात मागे पडला.

मैदानाभोवती गर्दी, प्रत्येक फटक्याला आरोळी. त्या आरोळीत फिल्डिंग करणं म्हणजे काय, याचा विचार करावा. मुलाच्या हातून चेंडू निसटला की लोक टाळ्या वाजवतात. त्यानं अडवला तर हिरमुसतात. आपल्याच गावच्या, आपल्याच भाषेतल्या लोकांना आपण चुकायला हवं आहे, हे बारा-तेरा वर्षांच्या मुलाला कळत नाही असं नाही.

तरी ती मुलं उभी राहिली. कुणी मैदान सोडलं नाही, कुणी मुद्दाम टाइमपास केला नाही. षटक संपलं की पुढचं षटक. विक्रमाला जे ९४ षटकांचं अंग लागतं ते त्यांनी पुरवलं.

मंगळवार, हजार

प्रणव चार आकड्यांत गेला. क्रिकेटच्या लिहिल्या गेलेल्या इतिहासात पहिल्यांदा. नाबाद १००९, ३२७ चेंडू, ३९५ मिनिटं. त्यातल्या ८७० धावा चौकार-षटकारांच्या आणि उरलेल्या १३९ पळून काढलेल्या. साडेसहा तास टिकून राहणं, थकव्यात बॅटचा फटका सरळ ठेवणं, मध्ये ढिला न पडणं, हे कोणत्याही गोलंदाजीसमोर सोपं नाही. मी टाळ्या वाजवल्या. आजही वाजवेन.

गांधी स्कूलनं ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला.

सचिन तेंडुलकरनं अभिनंदन केलं. तेव्हाचे क्रीडामंत्री विनोद तावडे यांनी प्रणवच्या शिक्षणाचा आणि प्रशिक्षणाचा खर्च सरकार उचलेल असं जाहीर केलं. मुंबई क्रिकेट असोसिएशननं पाच वर्षांसाठी दरमहा १० हजार रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे काय झालं? त्यानंतरच्या काळात धावा आटल्या. लोक प्रत्येक खेळीला हजाराच्या फुटपट्टीनं मोजत राहिले. २०१७ साली धनावडे कुटुंबानंच असोसिएशनला कळवलं की मुलाची कामगिरी होत नाही, शिष्यवृत्ती थांबवा. इतका सचोटीचा निर्णय घेणाऱ्या घराविषयी मला आदर वाटतो, आणि या दोन दिवसांचं ओझं फक्त हरलेल्या संघावर पडलं नाही हेही त्यातून दिसतं.

धडा घेतला गेला का, हे पाहायला फार लांब जावं लागत नाही. २० नोव्हेंबर २०१९, आझाद मैदान, हॅरिस शील्डची बाद फेरी. बोरिवलीचं स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूल, जिथं रोहित शर्मा शिकला, विरुद्ध अंधेरीचं चिल्ड्रन्स वेल्फेअर सेंटर स्कूल. आता षटकांना मर्यादा होती: तीन तासांत पंचेचाळीस. अंधेरीच्या मुलांना ३९ च टाकता आली, आणि न टाकलेल्या सहा षटकांबद्दल १५६ दंडाच्या धावा समोरच्या संघाला मिळाल्या. बोरिवली ४ बाद ७६१. मीत मायेकर नाबाद ३३८. मग अंधेरीचा डाव सर्वबाद ७. सातही अवांतर, एकाही फलंदाजाला खातं उघडता आलं नाही. ७५४ धावांनी पराभव.

जो संघ मार खातो त्याची षटकं सावकाशच होणार. चेंडू आणायला वेळ लागतो, वाइड पुन्हा टाकावे लागतात. वेळकाढूपणाला चाप बसावा म्हणून केलेला नियम सगळ्यात दुबळ्या संघाच्या पाठीत बसला. जिथं हात धरायचा तिथं आणखी दीडशे धावांचा धोंडा ठेवला. असोसिएशनमध्ये क्रिकेटचे जाणकार बसतात. बाद फेरीत आघाडी एका मर्यादेपलीकडे गेली की पंचांनी दोन्ही संघांच्या शिक्षकांना बोलावून निकाल जाहीर करावा, एवढा नियम त्यांना कठीण नाही.

मंगळवार, डाव घोषित झाल्यावर

चौऱ्याण्णव षटकं उन्हात घालवलेल्या त्या मुलांना आता पुन्हा पॅड बांधायचे होते. बाकी होत्या १४३४ धावा, त्याही डावाचा पराभव टाळण्यापुरत्या. या अवस्थेत थकलेली मुलं पंधरा-वीस धावांत गुंडाळली गेली असती तरी कुणी नावं ठेवली नसती. गर्दीचं काम झालं होतं, कॅमेरे प्रणवच्या मागे होते.

आर्य गुरुकुलनं ५२ केल्या.

एक डाव आणि १३८२ धावांनी पराभव, असा निकाल नोंदला गेला. पण आदल्या सकाळी ताज्या दमानं ज्या मुलांच्या ३१ झाल्या होत्या, त्याच मुलांनी दीड दिवस चेंडूमागे धावल्यानंतर, सुजलेल्या बोटांनी बॅट धरून, २१ धावा जास्त काढल्या. या दोन दिवसांत कोण किती पुढं गेलं हे मोजायचं तर माझ्या वहीत ही २१ धावांची नोंद प्रणवच्या १००९ च्या शेजारीच आहे.